आधी बंदूक, मग देव

श्रीबाळकृष्णा, रांगता रांगता ज्या उजव्या हाताने तू लोण्याचा गोळा उचलून धरतोस, त्या हाताचे स्मरण करून हे प्रकरण लिहायला बसते आहे. लिहिताना माझ्या लेखणीत द्वेष येऊ देऊ नकोस, आणि आलाच तर तो तुझ्यापासून लपवण्याची बुद्धी देऊ नकोस. आज खंडेनवमी. ओटावाजवळच्या कनाट्यातल्या आमच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, पाटावर लाल वस्त्र अंथरून घरातली हत्यारे मांडली आहेत. त्यांत माझी विळी आहे, कात्री आहे, टेलिफोनच्या कंपनीतून निवृत्त होताना ह्यांनी घरी आणलेला सोल्डरिंगचा गज आहे, आणि नातवाचा लॅपटॉप आहे. पळी हातात घेतली तसा नातू धावत आला. "आजी, नो वॉटर! प्लीज, जस्ट द रेड पावडर." मी हसले आणि नुसते कुंकू वाहिले. त्याला कसे सांगू, की हत्यारावर घालायचे पाणी या आजीइतके कोणी तापवले नसेल?

माझे वडील शास्त्री होते. मुलगा नाही म्हणून नव्हे, तर मला कानाने पटकन येते म्हणून त्यांनी मला पहाटे समोर बसवून शब्दरूपे शिकवली, मग संध्या सोडून जे जे मुलाला शिकवतात ते सगळे शिकवले. आई आधीच गेली होती. वडील गेले तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. त्यांच्यामागे माझ्याकडे उरला तो देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, चार बोटे उंच, भरीव पितळेचा, आजोबांच्या पूजेतला. त्याला पदराच्या गाठीत बांधून मी विमानात बसले, कारण माझे काका कॅनडात डॉक्टर होते आणि त्यांनी माझे कागद करून पाठवले होते. आमच्या गावात लोक म्हणाले, पोरीचे नशीब उघडले.

काकांना सगळे नाना म्हणत. विनिपेगपासून मोटारीने दीड-दोन तासांवर, गव्हाच्या शेतांमध्ये वसलेल्या एका लहानशा गावात त्यांचा दवाखाना होता. त्या गावाने त्याआधी आपला माणूस पाहिला नव्हता, आणि नानांनी तिथली निम्मी बाळंतपणे केलेली असल्यामुळे नंतर कोणी त्यांना परका म्हणायला धजत नव्हते. घर लाकडी होते. थंडी पडली की बेसमेंटमधली भट्टी दर थोड्या वेळाने हुंकार देऊन पेटायची आणि पाइपांतून गरम वारा घरभर फिरायचा. दुपारी गव्हाच्या वॅगनी ओढणारी गाडी गावाच्या कडेने जायची, इतकी लांब की तिचा शेवटचा डबा दिसेपर्यंत काकूंची कणीक मळून व्हायची. काकू कमी बोलत. त्यांचा मुलगा सुहास विनिपेगला शिकत होता आणि सुटीतच यायचा. मला वर खोली होती, पण देवाला वर जागा नव्हती. "खाली ठेव," पहिल्याच दिवशी नाना म्हणाले, "भट्टीशेजारी. त्यालाही ऊब." मी बेसमेंटमध्ये कपडे धुण्याच्या टबाच्या वर एक फळी पुसून घेतली आणि तिथे बाळकृष्ण ठेवला.

नानांचा राग माझ्यावर नव्हता, हे मला उशिरा कळले. तो माझ्या वडिलांवर होता, आणि ते आता रागावण्यापलीकडे गेले होते. आजोबा वारले तेव्हा नाना कॅनडाहून धावत आले होते. माझ्या वडिलांनी त्यांना पिंडाला हात लावू दिला नाही. समुद्र ओलांडलेल्याने आधी प्रायश्चित्त घ्यावे, म्हणाले. नानांनी घेतले नाही. ते ओसरीच्या पायरीवर बूट घालून बसून राहिले आणि आपल्याच बापाचे कार्य बाहेरून ऐकत राहिले. वाटणीत त्यांनी काही मागितले नाही, आणि वडिलांनी काही विचारले नाही. हे सगळे मला काकूंनी एका वाक्यात सांगितले होते, भांडी विसळता विसळता: "तुझ्या बापानं ह्यांना दारात बसवलं होतं, हे विसरू नकोस, वैजू, म्हणजे वाईट वाटणार नाही."

त्या गावात पुरुषांना मान बंदुकीने मिळत असे. नानांकडे दोन जुन्या बंदुका होत्या, एका मेलेल्या पेशंटच्या बायकोने दिलेल्या. घोड्याखालची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की आतले काडतूस नळीत चढते, अशा जातीच्या. नाना एकीला थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. त्यांत ते आजची धूर न करणारी दारू घालत नसत. जुनी, काळी दारूच घालत. तिचा बार उडाला की पांढरा ढग उठायचा आणि कुजक्या अंड्यांचा वास अंगणभर पसरायचा. शनिवारी शेजारचा शेतकरी वॉल्टर आपली बंदूक घेऊन यायचा, आणि दोघे मागच्या अंगणात कुंपणाच्या खांबांवर डबे ठेवून ते उडवायचे. ते झाले की माझे काम सुरू व्हायचे.

"तुला पूजेची भांडी घासायची सवय आहे ना, शास्त्रीणबाई?" नाना म्हणाले होते. "ही पण घास. पितळच आहे."

पितळच होते. काडतुसातली गोळी-दारू उडाली की मागे उरलेली, पुन्हा भरायची एकेक रिकामी पुंगळी करंगळीएवढी, गळ्याशी किंचित निमुळती. नाना कसेही असोत, शिकवताना त्यांच्यात माझे वडील उतरायचे. तोच आवाज, तीच शांतता, चुकले की परत पहिल्यापासून. पुंगळीचा गळा पातळ का ठेवतात, ते त्यांनी मला एकदा उजेडाशी धरून समजावले. बार उडतो तेव्हा तो पातळ गळा फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतो, म्हणून काजळी पुढे जाते, मागे यंत्रात शिरत नाही. वापरून वापरून पितळ कडक झाले की ते फुगायला कंटाळते, आणि मग सगळी घाण तोंडावर येते. म्हणून अधूनमधून गळा ज्योतीत धरून, रंग पालटला की पाण्यात टाकून, त्याला पुन्हा मऊ करायचे. थोरलीचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती पोकळी, धाकटीपेक्षा केसभर सैल होते. थोरलीत फुगलेली पुंगळी धाकटीत जायची नाही, अडकायची. मी दोघींच्या पुंगळ्या दोन डब्यांत ठेवत असे, एका खडीसाखरेच्या आणि एका कॉफीच्या. बंदूक धुताना तिचीच एक रिकामी पुंगळी चेंबरात बसवायची, म्हणजे गजाने ढकललेला काळा चिखल तिच्यात साठतो, यंत्रात पडत नाही. मग साबणाच्या उकळत्या पाण्यात बुडवलेल्या चिंध्या नळीच्या तोंडातून एकामागून एक आत घालायच्या, चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते, आणि लोखंड त्याच संध्याकाळी गंजू लागते. म्हणून त्या घरात एक नियम होता. जेवण राहिले तरी चालेल, पूजा राहिली तरी चालेल, धुणे राहता कामा नये.

यांतले काही मला जड गेले नाही. जड गेली ती चरबी. काळ्या दारूच्या गोळीला मेण आणि चरबीचे मिश्रण चोपडावे लागते, नाहीतर काजळी दगडासारखी घट्ट होते. दुकानात मिळणारे खनिज तेल चालत नाही, त्याचे डांबर होते. वॉल्टर मेंढ्याची चरबी आणून द्यायचा. ती त्या हिवाळ्यात संपली, तेव्हा नानांनी खाटकाकडून गाईची आणवली. काकूंच्या गॅसवर एका बाजूला नैवेद्यासाठी लोणी कढत होते आणि दुसऱ्या बाजूला माझ्या हातातल्या डावाखाली ती पातेलीत विरघळत होती. नाना दारात उभे राहून पाहत होते.

"वास सारखाच येतो की नाही? तूप काय, ते काय, गाईचंच."

मी ढवळत राहिले.

"बोल की. बाटलीस का?"

"हात धुवीन, नाना."

"तुझ्या बापानं मला हात धुवायला पाणीसुद्धा दिलं नव्हतं," ते म्हणाले आणि आत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसले. काकूंनी लोण्याखालचा गॅस बारीक केला, एवढेच.

वाचक म्हणतील, पोरगी निघून का गेली नाही? कुठे जाणार होते? मला पोळ्या येत होत्या आणि संस्कृत येत होते. शोव्हल करून दारातला बर्फ काढता येत होता. त्या देशात या तिन्हींची नोकरी नव्हती.

मग ती खंडेनवमी आली. तिकडे ऑक्टोबरात पहिला बर्फ उतरतो, त्याआधी आभाळ राखुंडीच्या रंगाचे होते आणि हंसांचे थवे दक्षिणेकडे ओरडत जातात. काकूंनी कधी नव्हे ते मला विचारले, "आज हत्यारांची पूजा ना? आमच्याकडे माहेरी कडाकण्या करायच्या." आम्ही दोघींनी कडाकण्या केल्या. मला वाटले, आज या बंदुकांनाही कुंकू लावावे, त्यांच्या पितळालाही देवाच्या पितळासारखे उजळवावे, म्हणजे या घरातले दोन्ही तुकडे एका पाटावर येतील. विनिपेगच्या दुकानातून सुहासने आणलेली चिंच होती. तिने मी समई घासली, निरांजन घासले, बाळकृष्णाला घासले. तो सोन्यासारखा हसला. आणि उरलेल्या चिंचेच्या पाण्यात मीठ घालून मी कॉफीच्या डब्यातल्या, म्हणजे थोरलीच्या, सगळ्या पुंगळ्या सोडल्या. भांड्यांना दोन मिनिटे पुरतात. पण वरून काकूंनी हाक मारली, पोळ्या लाटायला, मग पेशंट आले, मग अंथरुणे घालायची झाली. पुंगळ्या पाण्यातच राहिल्या.

सकाळी त्या गुलाबी झाल्या होत्या. सोनेरी नव्हेत. गुलाबी, तांब्यासारख्या, जशी नव्या जखमेवरची कातडी असते.

नानांनी एक उचलली, गळा चिमटीत धरून दाबला. तो चरचरला आणि कडेला भेग गेली. ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरे झाले असते.

"चिंचेनं जस्त खाल्लं," ते म्हणाले. "आता हे पितळ नाही. हे कोणी बनवत नाही आता, ठाऊक आहे ना? कोणी म्हणजे कोणी नाही."

"नाना, मला वाटलं, पूजेला..."

"पूजेला." त्यांनी फळीकडे पाहिले. "पितळाची भरपाई पितळानं होईल."

त्यांनी बाळकृष्ण उचलला. आंघोळ न करता, बूट घालून, खिशात किल्ल्या टाकाव्यात तसा. मी जिना चढून मागे गेले तोवर ते अंगण ओलांडून कुंपणापाशी पोहोचले होते. शनिवार होता. वॉल्टर येऊन पायरीवर बसला होता.

"डॉक, इज दॅट अ टॉय?"

"इट वॉज माय फादर्स," नाना म्हणाले. 'माय' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला तो आजही ऐकू येतो.

मूर्ती खांबावर ठेवून नाना पायरीशी परत आले. देव खांबावर रांगत होता. त्याच्या उजव्या हातातला गोळा सकाळच्या उन्हात चमकत होता, मीच चमकवला होता म्हणून. मी नानांच्या पायांवर डोके ठेवले. लाकडी पायरी थंड होती. वर वॉल्टर म्हणाला, "डॉक, द किड इज क्राइंग." नाना म्हणाले, "शी इज प्रेयिंग, वॉल्टर. शी डज इट ऑल डे." आणि वॉल्टर हसला, जसे माणूस न समजलेल्या विनोदाला हसतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू होत्या. त्यांनी पडदा ओढला.

"नाना, मला मारा."

"तुला मारून काय होणार? तू घरी परत जाऊन सांगशील, नानांनी मारलं. हे तू कोणाला सांगणारही नाहीस." त्यांनी धाकटी घेतली, कठड्यावर टेकवली, कडी खाली-वर केली. खांब दूर नव्हता. नानांचा नेम चुकत नसे.

ढग उठला. तो विरला तेव्हा खांब रिकामा होता.

ते माझ्याआधी चालत गेले, वाकले, मूर्ती उचलून आणली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. अंग जसेच्या तसे होते, गुडघे, पोट, कुरळे केस, हसू. उजवा हात मनगटापासून नव्हता. लोण्याच्या गोळ्यासकट गेला होता.

"लकी शॉट," वॉल्टर हळूच म्हणाला.

"नो लक," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, मराठीत, वडिलांच्या आवाजात: "सगळी फोडायची असती तर फोडली असती. खंडित मूर्तीचं काय करायचं, सांग."

मी तुटलेल्या मनगटावर अंगठा ठेवला.

"दादानं, तुझ्या बापानं, शिकवलंय ना? म्हण."

"खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये. वाहत्या पाण्यात विसर्जन करावं."

"आणि धातूची असेल तर?"

"तुटलेला अवयव मिळाला, तर जोडून घ्यावा. जीर्णोद्धार करून पुन्हा पूजेत घ्यावी."

"मग शोध. हात सापडला तर देव तुझा. नाही सापडला तर नदी." मी गवताकडे धावणार तोच त्यांनी धाकटी माझ्या हातात दिली. नळी अजून ऊन होती. "आधी बंदूक. देव थांबतो, गंज थांबत नाही."

मी बंदूक धुतली. वाचकहो, मी ती नेहमीपेक्षा चांगली धुतली. घाईत धुतली तर ते परत धुवायला लावतील, हे मला ठाऊक होते. टबाशेजारी पाणी तापत असताना फळीवरून तो एकहाती देव माझ्याकडे पाहत होता. चिंधी काळी आली, मग राखाडी, मग पिवळट. नाना बाजूच्या खुर्चीत बसून पाइप ओढत होते. पांढरी चिंधी त्यांना दाखवली की ते ती उजेडाशी धरत आणि म्हणत, "अजून." पुन्हा पांढरी आली. "अजून." बेसमेंटच्या उंच खिडकीतून पहिला बर्फ पडताना दिसत होता. तो मोठ्या मोठ्या पापुद्र्यांनी, वारा नसल्यामुळे सरळ पडत होता. शेवटी त्यांनी एक चिंधी पाहिली आणि ते म्हणाले, "ठीक. चरबी लाव आणि जा."

मी अंगणात गेले तेव्हा सगळे पांढरे होते. मी गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ चाळला, बोटे निळी होईपर्यंत. वॉल्टर घरी जाऊन बागेचे दाताळे घेऊन आला आणि माझ्या शेजारी ओढू लागला. नाना कोटाच्या खिशांत हात घालून पायरीवर उभे होते. "शोध, शोध," ते म्हणत. "इथंच असेल. कुठं जाईल?"

त्या हिवाळ्यात मी बाळकृष्णाची पूजा केली नाही. त्याला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले. शास्त्रात धान्यात ठेवण्याचा एक विधी आहे, तो या कामासाठी नाही, हे मला माहीत होते. फळी रिकामी होती आणि मी तिच्याखाली पुंगळ्या घासत होते. जेवताना नाना मधूनच विचारत, "बर्फ वितळला की शोधशील ना?" जणू एखाद्या सहलीबद्दल विचारावे. एप्रिलात अंगण मोकळे झाले. मी काडीने माती उकरत कुंपणापासून पायरीपर्यंत रांगले. मान वर केली की खिडकीत ते दिसायचे, चहाचा कप घेऊन. मला मिळाले ते शिशाचे चपटे तुकडे, कोणाच्या तरी कोटाचे बटण आणि एका खारीची कवटी. हात मिळाला नाही.

सुहास परीक्षा संपवून आला होता. एक दिवस त्याने मला मोटारीतून विनिपेगला नेले. नदीवर बर्फाच्या लाद्या एकमेकींवर आदळत उत्तरेकडे चालल्या होत्या, त्यांचा आवाज दातांवर दात घासल्यासारखा येत होता. मी पुलावर उभी राहिले, वडिलांनी शिकवलेली वाक्ये म्हटली आणि ओंजळ उघडली. मूर्ती एका लादीवर पडली. बुडाली नाही. ती लादीवर बसून, रांगत, हसत, लांब गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मला तिथून हलता आले नाही. परतीच्या मोटारीत मी बसले नाही. सुहासच्या ओळखीच्या एका बाईंकडे मुले सांभाळायला राहिले, रात्रीच्या वर्गांत शिकले, पुढे लग्न होऊन ओटावाला आले. त्याचे प्रकरण वेगळे आहे. एवढे सांगते, की ज्या दिवशी ती लादी वळणाआड गेली, त्या दिवशी माझे लहानपण संपले. लहानपणाचे वय केव्हाच संपले होते.

गेल्या वर्षी, कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाची तोरणे दुकानांतून अजून उतरली नव्हती, तेव्हा सुहासचा फोन आला. काकू जाऊन बरीच वर्षे झाली होती. नाना विनिपेगच्या एका वृद्धाश्रमात होते आणि गावचे घर विकायचे होते. "बंदुका एका लायसन्सवाल्या माणसानं नेल्या, वैजूताई," तो म्हणाला, "पण एक डबा आहे, पितळाचा. गुलाबी काडतुसं. बाबा टाकू देत नाहीत. फेकू का, यू वॉन्ट इट?" मी विमानाचे तिकीट काढले. पोहोचले ती नेमकी नवमी होती. मी ठरवून काढले नव्हते.

कॉफीचा तोच डबा होता. माझ्या चिंचेने खाल्लेल्या पुंगळ्या नानांनी सगळ्या जपून ठेवल्या होत्या, एक भेगाळलेलीसुद्धा. सुहासच्या स्वयंपाकघरात साबणाचे पाणी तापवले आणि सवयीने एकेक धुऊ लागले. रिकामी पुंगळी बोटावर घेतली की हलकी लागते. एक लागली नाही. तिचा गळा मेणाने बुजवला होता, जुन्या, पिवळ्या, चरबी मिसळलेल्या मेणाने. तो वास मी कुठेही ओळखीन. गरम पाण्यात मेण सुटले. आतून माझ्या तळहातावर एक पितळेचा हात पडला, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, मुठीत लोण्याचा गोळा. त्याला चिंच लागली नव्हती. तो काळा पडला होता, पण पितळच होता.

सुहासची बायको म्हणाली, "ताई, बसा, बसा, काय झालं?" मी म्हटले, काही नाही, पाणी ऊन होते.

दुसऱ्या दिवशी नानांकडे गेले. ते खिडकीशी चाकांच्या खुर्चीत होते, नव्वदीच्या पलीकडे, पण डोळे तेच. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "शास्त्रीणबाई," ते म्हणाले. "म्हातारी झालीस."

मी तो हात त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवला.

ते त्याच्यावर वाकले. मग म्हणाले, "सापडला होय."

"तुम्ही वाकलात तेव्हाच उचलला होतात."

"हो."

"मी हिवाळाभर शोधत होते, नाना. एप्रिलात शोधत होते. तुम्ही खिडकीतून पाहत होतात."

"वाटणीत दादानं मला काही ठेवलं नव्हतं. एवढाच घेतला." त्यांची बोटे टेबलावरून पुढे आली. "देवाला तू घेऊन गेलीस. हा माझा."

"मी मागितला असता, तर दिला असतात?"

त्यांनी विचार केला. खोटे बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, तेवढे म्हणायला हवे. "नाही," ते म्हणाले.

त्यांची बोटे त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी मी तो उचलला आणि पदरात बांधला. "खंडित घरात ठेवायचं नसतं, नाना. तुम्हीच माझ्याकडून म्हणवून घेतलंत."

तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी एक गोष्ट पाहिली, जी चाळीसहून अधिक वर्षांत पाहिली नव्हती. ओसरीच्या पायरीवर बूट घालून बसलेला मुलगा तिथे होता. त्यांचा तळवा टेबलावर उताणा पडला होता, आणि तो मिटत नव्हता. एखादी अधिक मोठ्या मनाची बाई असती तर तिने तो पितळेचा हात त्यांच्या तळव्यावर ठेवला असता. मी ती पुंगळी ठेवली. रिकामी, धुतलेली.

ती त्यांनी हळूहळू डोळ्याशी नेली. एक डोळा मिटून, खिडकीच्या उजेडाकडे धरून, आत पाहिले. जसे वडील माझी पाटी पाहत, जसे ते स्वतः चिंध्या पाहत.

"गळ्याशी काळं राहिलंय," ते म्हणाले. "परत धू."

मी शाल घेतली आणि नदीवर गेले. पूल तोच, पाणी मोकळे. हात लगेच बुडाला. नाना त्याच हिवाळ्यात गेले. अंत्यविधीच्या वेळी सुहासने विचारले, पिंडाला हात लावशील का, आमच्यात कोणाला काही येत नाही. मंत्र मी म्हटले. पिंड त्याने ठेवले. कोणाला दारात बसवले नाही.

आज कनाट्यात दिवा लावताना, हे वाचणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी मी त्या दोन्ही तुकड्यांच्या एकाच देवाकडे मागते. तुमच्या देव्हाऱ्यातले देव अखंड राहोत. तुमच्या घरातल्या भावांची वाटणी त्यांच्या लेकरांच्या अंगावर न उतरो. तुमच्या उंबऱ्याशी आलेल्या पोरक्याला आधी पाट मिळो आणि काम मागाहून मिळो. तुमच्या चुलीवर लोणी कढत राहो, आणि जो हात कोणापुढे उताणा पसरला जाईल, त्यात काहीतरी ठेवण्याचे बळ माझ्याहून अधिक तुम्हाला लाभो.